ऑपरेशननंतर मूल गप्प होतं तेव्हा

मेंदूतली गाठ काढली, मूल शुद्धीवर आलं, आईला हाक मारली. सगळे निर्धास्त झाले. आणि दुसऱ्या दिवशी बोलणं एकदम बंद! मेड्युलोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या मेंदूत सर्वाधिक आढळणारा कर्करोग. त्याच्या ऑपरेशननंतर साधारण चारांतल्या एका मुलाचं असं होतं. मूल किरकिरतं, पण शब्द फुटत नाही. घरच्यांना वाटतं घाबरलंय, रुसलंय. तसं नसतं. त्याला ‘बोल ना’ म्हणून भंडावू नका, एवढं कळकळीचं सांगणं आहे.

ही गाठ लहान मेंदूच्या भागात असते. लहान मेंदू तोल सांभाळतो, हे शाळेत शिकतो आपण. जीभ-ओठांच्या हालचालींचा मेळही तोच घालतो. तिथून मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणाऱ्या तंतूंना इजा झाली की वाचा बसते. काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी शब्द परततात, पण संथ, अडखळत. तोवर मानेनं हो-नाही आणि चित्रांवर बोट ठेवून मागणं, हे स्पीच थेरपिस्ट शिकवतात.

घशाच्या नसा लहान मेंदूला लागूनच असलेल्या ब्रेनस्टेममधून निघतात, म्हणून गिळणंही बिघडू शकतं. प्रत्येक घोटाला स्वरयंत्र वर उचललं जातं, स्वरतंतू मिटतात आणि श्वासनलिका बंद होते. मिटायला उशीर झाला की घोट श्वासनलिकेत जातो. सगळ्यात अवघड असतं साधं पाणी, कारण ते झरकन उतरतं. आणि आपण मायेनं आधी चमचाभर पाणीच पाजतो! घट्टसर खिमट किंवा नाचणीचं सत्त्व सावकाश सरकतं. मात्र किती घट्ट, हे थेरपिस्टनं तपासून ठरवायचं. ठसका लागला तर कळतं तरी. घशाची जाणीव बोथट झाली असेल तर ठसकाही लागत नाही आणि अन्न फुप्फुसात जात राहतं. खाल्ल्यावर आवाज ओला, घरघरता येतोय का, पुन्हा पुन्हा ताप येतोय का, इकडे लक्ष ठेवा. मग बेरियम मिसळलेला घास देऊन एक्स-रेखाली गिळणं पाहतात. तोवर नाकातून नळी घातली, तर धीर सोडू नका. पोषण तुटता कामा नये.

केमोथेरपीनं तोंड येतं, तेव्हा गिळणं नकोसं होतं. ते बहुधा भरून येतं. केमोथेरपीतल्या सिस्प्लॅटिन या औषधानं कानाला झालेली इजा मात्र सहसा भरून येत नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. हाक ऐकू येते, पण ‘स’, ‘श’ निसटतात, म्हणून मूल लक्ष देत नाही असं वाटतं. श्रवणचाचणी उपचारांच्या आधी, दरम्यान आणि नंतरही व्हायला हवी. शाळेत पुढचा बाक मागून घ्या, आणि उत्तर द्यायला त्याला जास्त वेळ लागेल, हे बाईंना आधीच सांगून ठेवा.