दहा राग, एक डिस्को ठेका आणि पुष्कळ अफवा

कळव्यातल्या श्रोत्याचा कान दोन बाजूंनी घडतो. खाडीपलीकडे ठाण्यात महापालिका पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत समारोह भरवते. खाडीअलीकडे विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती दणाणतात. या दोन्ही सवयींना एकदम डिवचणारा एक अल्बम मुंबईतच तयार झाला : चरणजित सिंग यांचा ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, ध्वनिमुद्रण १९८२. त्याच्याविषयी ठाम मते पुष्कळ आहेत. त्यांतली बरीच तपासून पाहिली की टिकत नाहीत.

गैरसमज : ॲसिड हाऊस या संगीतप्रकाराचा शोध चरणजित सिंग यांनी लावला.

अभिमानाने सांगितली जाणारी ही गोष्ट खोटी आहे. मात्र ती खरी वाटण्यामागे भक्कम कारण आहे. या प्रकाराची सुरुवात मानले जाणारे, शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाचे ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये आले, आणि त्यातला वळवळणारा आवाज रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या बेस यंत्राचा होता. सिंग यांनी तेच यंत्र, त्याच कंपनीच्या टीआर-८०८ या तालयंत्राच्या जोडीने, पाच वर्षे आधी वापरले. पण आधी असणे वेगळे आणि उगमस्थान असणे वेगळे. शिकागोतल्या मंडळींनी ही तबकडी ऐकली होती, याचा कोणताही पुरावा नाही. शिवाय त्या यंत्राला लवकर हात घालणारे सिंग एकटेच नव्हते. स्कॉटलंडच्या ‘ऑरेंज ज्यूस’ या गटानेही १९८२ च्याच सुमारास ते वापरले होते.

मग साम्य इतके का? यंत्र एक असल्यामुळे, हे अर्धेच उत्तर झाले. रागसंगीतात कॉर्ड बदलत नाहीत. षड्ज एकदा धरला की सारा विस्तार त्याच्याभोवती होतो. ॲसिड हाऊस हा नृत्यसंगीताचा प्रकारही एकाच आधारस्वराला चिकटून राहतो आणि बदल घडवतो तो नादाच्या पोतात. त्यात ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. मींडेची सवय असलेल्या वादकाला ती न वापरून कसे चालेल? दोन वेगळ्या वाटा एका चौकात आल्या, इतकेच.

गैरसमज : हे सगळे बनावट आहे, कुणीतरी युरोपियन खोडकराने जुन्या तबकडीचे सोंग आणले.

एडो बाउमन या डच संग्राहकाने २०१० मध्ये अल्बम पुन्हा काढला तेव्हा ही शंका खरोखरच घेतली गेली. ‘एफेक्स ट्विन’ या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराचे नावही चघळले गेले. इतके विलक्षण योग जुळून आले की संशय येणारच. पण ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाची मूळ एलपी अस्तित्वात आहे. बाउमन यांना ती २००२ मध्ये दिल्लीत मिळाली होती. आणि चरणजित सिंग स्वतः तेव्हा मुंबईत हयात होते.

गैरसमज : हे नशेचे संगीत आहे.

‘ॲसिड’ हा शब्द, गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्या आणि गरगरत राहणारा आवाज, या तिन्हींची सांगड आपोआप घातली जाते. प्रत्यक्षात अल्बमला हे विशेषण कित्येक वर्षांनी चिकटले. करणारा माणूस हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि बेस वाजवणारा होता. हिंदी चित्रपटांत तेव्हा डिस्कोची लाट होती; तबल्याऐवजी तोच ठेका ठेवून राग वाजवून पाहावेत, एवढीच त्यांची कल्पना.

गैरसमज : पाच-पाच मिनिटांत राग मावत नाही, आणि यंत्रावर तर मुळीच नाही.

या आक्षेपाचा पहिला भाग इतिहासाला धरून नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मिळत, आणि तेवढ्यात गायक अब्दुल करीम खाँ काय करून गेले ते सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या भागात मात्र तथ्य आहे. सिंग यांनी सुरावटीसाठी वापरलेला ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर समान अंतरांच्या बारा सुरांत लावलेला असतो; तोडीचा उतरलेला गंधार त्यात सहजी सापडत नाही. हार्मोनियमवरही हाच ठपका होता, आणि त्यापायी आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दार बंद ठेवले. दहापैकी भूपाली, मालकंस, कलावती आणि बैरागी हे चार राग पाच स्वरांचे आहेत, ही निवड बहुधा उगाच झालेली नाही. आलापीची बढत इथे नाही, ठेकाही फारसा बदलत नाही. हे दोष मान्य करावेत. पण ललितमधले दोन्ही मध्यम ऐकूनही ‘यात राग नाही’ म्हणणारा श्रोता बहुधा ठेक्यावरच थांबलेला असतो.

गैरसमज : बटण दाबले की यंत्र वाजते, वादकाचे काम काय?

३०३ हाताळलेल्या कुणालाही याचे हसू येईल. त्यात स्वर वेगळे भरायचे, त्यांची लय वेगळी भरायची. एक जागा चुकली की सगळी ओळ सरकते. गिटारवादकाला सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून काढलेले हे यंत्र इतके किचकट ठरले की १९८४ मध्ये उत्पादनच थांबले. वर सुरावट हाताने वाजवायची ती निराळीच. बेसवादकाची जागा घेऊ पाहणाऱ्या यंत्राला एका बेसवादकानेच वळण लावले, ही गंमत नोंदवायलाच हवी.

गैरसमज : तेव्हा चालला नाही, म्हणजे अल्बम सुमारच असणार.

विक्री हा गुणवत्तेचा पुरावा नसतो, हे तत्त्व बाजूला ठेवले तरी कारणे उघड आहेत. ‘कुर्बानी’ (१९८०) या चित्रपटानंतर डिस्को म्हटले की गाणे, गायिका आणि पडद्यावरचा नाच अपेक्षित होता. इथे शब्दच नव्हते. शास्त्रीय संगीताचा ग्राहक ‘डिस्को’ हे नाव वाचून पुढे जाई, डिस्कोचा ग्राहक ‘राग’ वाचून. २०१० नंतर युरोपातल्या मंचांवर सिंग यांनी हेच राग पुन्हा वाजवले, तेव्हा ते सत्तरीत होते. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले.