पूर्वजांचे काय? श्रद्धा आणि तर्क यांच्या सीमेवरचा एक मराठी प्रश्न

सोलापूर : ज्या मार्गाने आपले तारण झाले असे आपण मानतो, त्या मार्गाची वार्ताही ज्यांच्या कानी कधी पडली नाही, त्या आपल्या वाडवडिलांचे काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि सोलापूर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावाने ज्या कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहणे अपरिहार्य होते. वरवर पाहता तो एका धर्मापुरता प्रश्न वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले की न्याय म्हणजे काय, न कळता घडलेल्या गोष्टीसाठी कोणाला दोषी धरावे काय, ईश्वर दयाळू असेल तर त्या दयेला मर्यादा कोणती, अशी प्रश्नांची मालिकाच सुरू होते. हे प्रश्न कोणत्याही एका धर्माच्या मालकीचे नाहीत. ख्रिस्ती ईश्वरविद्या आणि सर्वसामान्य तत्त्वचिंतन यांचे नाते समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण दूर शोधण्याची गरज नाही.

आरंभ कुठून करायचा?

ईश्वरविद्या आणि तत्त्वज्ञान यांतील मुख्य भेद विषयाचा नसून आरंभाचा आहे. ईश्वर, आत्मा, सृष्टी, पाप-पुण्य, मृत्यू या विषयांचा विचार दोघेही करतात. मात्र ईश्वरविद्येचा अभ्यासक एक गोष्ट हाती घेऊनच निघतो. ईश्वराने स्वतःला प्रकट केले आहे आणि त्या प्रकटीकरणाची साक्ष बायबलमध्ये आहे, ही ती गोष्ट. त्यानंतरचा त्याचा सारा खटाटोप त्या साक्षीचा अर्थ लावण्याचा असतो. तत्त्वज्ञ अशी कोणतीही गोष्ट आधी मान्य करीत नाही. साक्ष विश्वसनीय का मानावी, इथपासून त्याची सुरुवात होते.

मराठी वाचकाला हा भेद अपरिचित नाही. भारतीय दर्शनांत ‘शब्दप्रमाण’ या नावाने त्याची चर्चा शतकानुशतके झाली आहे. मीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले. नैयायिकांनी विश्वासार्ह व्यक्तीचे वचन म्हणून शब्दाला प्रमाण मानले. चार्वाकांनी ते प्रमाणच नाकारले. म्हणजे ‘शास्त्रात सांगितले आहे’ एवढे म्हणणे पुरेसे आहे काय, हा वाद येथे ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच रंगलेला होता. ख्रिस्ती विचारवंत मराठी मुलुखात आले ते अशा चर्चेच्या भर सभेत.

पाश्चात्त्य जगातही या नात्याने अनेक वळणे घेतली. इसवी सन २००च्या सुमारास कार्थेजच्या तर्तुलियनने अथेन्सचा जेरुसलेमशी संबंध काय, असा रोखठोक सवाल केला. त्याचा रोख ग्रीक तत्त्वज्ञानावर होता. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने दोहोंची हद्द आखून दिली. ईश्वर आहे हे तर्काने सिद्ध करता येते. तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रैक्यरूप आहे हे मात्र प्रकटीकरणावाचून कळत नाही, अशी त्याची मांडणी. अठराव्या शतकात इमान्युएल कांटने ईश्वराचे अस्तित्व शुद्ध तर्काने सिद्ध होत नाही असे दाखवून ही वाट अडवली. विसाव्या शतकात कार्ल बार्थ या स्विस प्रॉटेस्टंट विचारवंताने तर्काच्या शिडीने ईश्वराकडे जाण्याचा प्रयत्नच नाकारला. उलट १९९८मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रद्धा आणि बुद्धी यांवर परिपत्रक काढले, त्यात चर्चने भारतीय तत्त्वपरंपरेतूनही घेण्याजोगे ते घ्यावे, असे आवर्जून म्हटले.

शब्दांतून शिरलेले तत्त्वज्ञान

मराठीत या नात्याला आणखी एक पदर आहे, तो भाषेचा. ख्रिस्ती सिद्धांत मराठीत सांगायचा तर शब्द मराठीच वापरावे लागणार. आणि ईश्वर, आत्मा, मुक्ती यांविषयीचा प्रत्येक मराठी शब्द कोणत्या ना कोणत्या दर्शनाच्या अंगणात वाढलेला. तत्त्वज्ञानाला दाराबाहेर उभे करावे म्हटले, तरी ते शब्दांबरोबर घरात येतेच.

गोव्यात १६१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांना हीच अडचण आली. त्यांनी ओवी छंद स्वीकारला, स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला; परंतु पवित्र आत्म्यासाठी मात्र ‘स्पिरिता सांतु’ हा परकीय शब्दच ठेवला. कोणता शब्द इथला घ्यायचा आणि कोणता बाहेरचा ठेवायचा, हा भाषांतराचा प्रश्न राहत नाही. तो तत्त्वनिर्णय होतो.

‘अवतार’ हा शब्द घ्या. तो वापरला तर ऐकणाऱ्याला सहज कळते. पण अवतार अनेक असतात आणि युगायुगांत होतात. ख्रिस्ती मतानुसार देवाचे मनुष्य होणे इतिहासात एकदाच घडले. म्हणून मराठी ख्रिस्ती लेखनात ‘देहधारण’ हा शब्द रुळला. ‘आत्मा’ म्हणताच वेदान्त्याला ब्रह्माशी असलेले ऐक्य आठवते. ख्रिस्ती विचारात ईश्वर आणि त्याने निर्मिलेला मनुष्य यांतील अंतर कायम राहते. ‘नवा जन्म’ म्हणावे तर पुनर्जन्माशी गफलत होते. ‘मोक्ष’ टाळून ‘तारण’ म्हणावे, तर व्यवहारात त्याच शब्दाचा अर्थ कर्जापोटी ठेवलेली वस्तू असा होतो. दुसऱ्याने ऋण फेडून सोडवून घेणे ही कल्पना ख्रिस्ती शिकवणीत आहेच, त्यामुळे हा योगायोग अगदीच निरर्थक नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातील ‘लोगोस’ हा ग्रीक शब्द तर मुळातच तत्त्वज्ञांचा. विश्वाला धारण करणारी बुद्धी असा त्याचा ग्रीक विचारातील अर्थ. मराठीत त्यासाठी ‘शब्द’ आला आणि त्याच्या पाठोपाठ भर्तृहरीच्या शब्दब्रह्माची छायाही आली.

तिघांच्या तीन वाटा

श्रद्धा आणि तर्क यांचे नाते पुस्तकात जितके सुबक दिसते, तितके ते माणसाच्या आयुष्यात नसते. तीन मराठी नावे यासंदर्भात महत्त्वाची आहेत.

पहिले नीलकंठशास्त्री गोऱ्हे. १८२५मध्ये चित्पावन कुटुंबात जन्मलेले आणि काशीत शास्त्राध्ययन केलेले गोऱ्हे आरंभी ख्रिस्ती मताचे कडवे विरोधक होते. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला त्यांनी संस्कृतातूनच उत्तर दिले. पुढे १८४८मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला व ते नेहम्या गोऱ्हे झाले. त्यांच्या ‘षड्दर्शन-दर्पण’ या हिंदी ग्रंथात सहाही दर्शनांचे तर्काने खंडन आहे; त्याचा इंग्रजी अनुवाद १८६२मध्ये प्रसिद्ध झाला. सारे काही ब्रह्मच असेल, तर अज्ञान कोणाला झाले, हा त्यांचा वेदान्त्यांना प्रश्न. हा प्रश्न नवा नव्हता; रामानुजांच्या परंपरेनेही तो विचारला होता. म्हणजे ख्रिस्ती गोऱ्ह्यांच्या हातातील हत्यार काशीच्याच शाळेतले होते. उत्तरायुष्यात मात्र त्यांचा कल तर्कापेक्षा चर्चच्या परंपरागत अधिकाराकडे अधिक झुकला.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. त्यांच्या मनःपरिवर्तनात गोऱ्ह्यांच्या लेखनाचा वाटा होता. १८८३मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु प्रश्न विचारणे सोडले नाही. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चमत्कार, धर्मगुरूंचा अधिकार यांविषयी सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. १९७७मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. एका धर्मातील पुरोहितांचे जोखड झुगारल्यावर दुसऱ्या धर्मातील अधिकाऱ्यांपुढे विवेक गहाण का टाकावा, हा त्या पत्रांचा आशय. त्यांच्या हितचिंतकांना हा अहंकार वाटला. रमाबाईंच्या दृष्टीने ती सत्यनिष्ठा होती. पुढे केडगाव येथील आपल्या संस्थेला त्यांनी ‘मुक्ती’ हे नाव दिले आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले.

तिसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५मध्ये ते ख्रिस्ती झाले व अहमदनगरच्या मिशनशी जोडले गेले. त्यांनी खंडनमंडनाची वाट धरली नाही. तुकारामांच्या भक्तीच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची भावना होती. प्रमाण कोणते, या प्रश्नाला टिळकांचे उत्तर ‘अनुभव’ हे होते. अभंग आणि भजनाच्या रूपाने ते उत्तर मराठी चर्चच्या उपासनेत आजही ऐकू येते. मात्र अनुभव दोघांचे वेगळे असतील तर निवाडा कोणी करावा, हा तत्त्वज्ञाचा प्रश्न तेथेही शिल्लक राहतोच.

नगरचा प्रश्न बोस्टनच्या दरबारात

पूर्वजांच्या प्रश्नाकडे परत वळू. अहमदनगरला ईश्वरविद्येचे विद्यालय चालविणारे रॉबर्ट ॲलन ह्यूम हे मुंबईत जन्मलेले अमेरिकन मिशनरी. १८८६मध्ये ते रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी एक मत बोलून दाखविले. ज्यांना या जन्मी ख्रिस्ताविषयी ऐकण्याची संधीच मिळाली नाही, त्यांना मृत्यूनंतर ती मिळू शकेल असे मानण्यास जागा आहे, असा त्या मताचा आशय होता. त्या काळी न्यू इंग्लंडमध्ये या विषयावर मोठे रण माजले होते. मिशनचा कारभार पाहणाऱ्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने ह्यूम यांना भारतात परत पाठविण्याचा निर्णय अडवून धरला. बराच वाद झाल्यावर १८८७मध्ये त्यांचा मार्ग मोकळा झाला.

या वादात ईश्वरविद्या आणि तत्त्वचिंतन यांचे खरे नाते दिसते. तारण केवळ ख्रिस्ताद्वारे, हे ह्यूम यांनी नाकारले नव्हते. न ऐकलेल्या गोष्टीसाठी कोणाला दोषी धरणे अन्याय्य आहे, ही सर्वसामान्य नीतिबुद्धीही त्यांना सोडवत नव्हती. एक विधान शास्त्रातून आलेले, दुसरे माणसाच्या न्यायबुद्धीतून. दोन्ही खरी मानायची, तर त्यांचा मेळ घालणारे तिसरे काही शोधावे लागते. हा शोध म्हणजेच ईश्वरविद्येतील तत्त्वचिंतन. बोर्डातील विरोधकांचा मुद्दाही पोकळ नव्हता. शास्त्रात स्पष्ट नसलेली गोष्ट केवळ आपल्याला न्याय्य वाटते म्हणून गृहीत धरली, तर प्रमाण शास्त्र राहिले की आपली आवड, असे ते विचारीत होते.

कॅथलिक चर्चने याच प्रश्नावर १९६४मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, भूमिका स्पष्ट केली. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिकपणे ईश्वराचा शोध घेतात व सदसद्विवेकाला अनुसरतात, त्यांनाही तारण लाभू शकते, असे परिषदेने म्हटले.

सोलापूरच्या संदर्भात

सोलापूरकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांचे हे गाव. शरणांच्या परंपरेने ग्रंथप्रामाण्यापेक्षा अनुभवाला आणि आचरणाला महत्त्व दिले. याच शहरातून जीवराज जैन ग्रंथमालेने प्राचीन जैन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या प्रकाशित केल्या. जैन दर्शन जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही. तरीही त्याचे तत्त्वज्ञान अत्यंत सूक्ष्म आहे. तेव्हा धर्मविचार म्हणजे ईश्वरविचारच, हे समीकरण येथे टिकत नाही. ‘ईश्वरविद्या’ हा शब्द ख्रिस्ती विचाराला जितका चपखल बसतो, तितका तो जैन विचाराला बसणार नाही. ‘तत्त्वज्ञान’ मात्र दोघांनाही लागू पडते.

या परस्परपरिचयाचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. पुण्याचे जेझुइट फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वज्ञानप्रवाहांवर १९७६मध्ये इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची शेजारच्या उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे जानेवारी २०२०मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली होती.

धर्माविषयीच्या सार्वजनिक चर्चेत आज जो गोंधळ दिसतो, त्यातील बराचसा भाग दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्याने होतो. ‘या धर्माची शिकवण काय आहे?’ हा एक प्रश्न. त्याचे उत्तर ग्रंथ आणि परंपरा पाहून द्यावे लागते. तेथे स्वतःचे मत घुसडणे चूक. ‘ती शिकवण खरी व न्याय्य आहे काय?’ हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर केवळ ग्रंथाकडे बोट दाखवून देता येत नाही. तेथे सर्वांना समान असलेल्या बुद्धीलाच साक्षीला बोलवावे लागते. पहिला प्रश्न टाळणारा तत्त्वज्ञ हवेत बोलतो आणि दुसरा टाळणारा श्रद्धावान केवळ आपल्याच लोकांशी बोलू शकतो. रमाबाई आणि ह्यूम यांनी दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारले. त्याबद्दल दोघांनाही आपल्याच माणसांचा रोष पत्करावा लागला. परंतु प्रश्न विचारला म्हणून दोघांपैकी कोणाचीही श्रद्धा सुटली नाही.