कंपनीला जाब विचारायचा तर कागद हाती हवा
शेतकरी, शेतमजूर आणि ग्राहक म्हणून आपले हक्क



वर्धा नदीच्या काठावरील घुग्घुस हे गाव कोळशासाठी प्रसिद्ध आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणी, ए.सी.सी.चा सिमेंट कारखाना, लॉइड्स मेटल्सचा स्पंज आयर्न कारखाना आणि कोळशाच्या रेल्वे सायडिंग एवढ्याशा टापूत आहेत. त्यांच्या अधूनमधून कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेते आहेत. या भागातला शेतकरी एकाच वेळी तीन नात्यांनी कंपन्यांशी बांधलेला असतो. त्याची जमीन कारखान्याला लागून असते, त्याचा मुलगा किंवा भाऊ कंत्राटी कामाला त्याच कारखान्यात जातो आणि बियाणे, खते, औषधे तो दुसऱ्या कंपन्यांकडून विकत घेतो. शेजारी, कामगार आणि ग्राहक या तिन्ही नात्यांनी त्याला कायद्याने हक्क दिलेले आहेत. हे हक्क कागदावर बरे आहेत. मात्र ते वापरण्याची वेळ येते तेव्हा आपल्याजवळ पावती नसते, पंचनामा नसतो आणि नुकसान झाले ती तारीखही आठवत नाही. म्हणून या लेखात कायद्याच्या कलमांपेक्षा पुराव्याचा विचार जास्त केला आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसे मेली, हे सर्वांना माहीत आहे. पण त्या कारखान्यात कशाचे उत्पादन होत होते, हे फार थोड्या शेतकऱ्यांना ठाऊक असते. तेथे कार्बारिल हे कीटकनाशक तयार होत असे. ‘सेविन’ या नावाने ते विकले जाई आणि पिकांवर मारले जाई. म्हणजे जे औषध शेतकऱ्याने ग्राहक म्हणून घेतले, तेच बनवताना कामगार आणि शेजारी बळी पडले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायू गळला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एक तत्त्व घालून दिले. धोकादायक धंदा करणाऱ्या कंपनीने कितीही काळजी घेतली असली तरी झालेल्या नुकसानीची भरपाई तिनेच द्यायची, आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाईही मोठी, असे ते तत्त्व आहे. २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यातही ‘चूक सिद्ध झाली नाही तरी जबाबदारी’ हे तत्त्व अपघाताच्या बाबतीत आले आहे.

पिकावरील धूळ

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि देशात चौथा क्रमांक लागला. परीक्षेत असे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते, पण येथे जितके गुण अधिक तितके प्रदूषण अधिक. या पट्ट्यात चंद्रपूर औद्योगिक वसाहत, ताडाळी आणि बल्लारपूर यांच्यासह घुग्घुसचाही समावेश होता.

धुळीने पिकाचे नुकसान कसे होते, ते नीट समजून घ्यावे, कारण तक्रारीत तेच लिहावयाचे असते. पानावर धुळीचा थर बसला की पर्णरंध्रे बुजतात, सूर्यप्रकाश कमी पोहोचतो आणि अन्न तयार होण्याची क्रिया मंदावते. सिमेंटची धूळ विम्लधर्मी असते. दवाने ती ओली होते, उन्हाने वाळते आणि पानावर तिची खपली धरते. कोळशाची भुकटी फुटलेल्या बोंडावर बसली तर रुई काळवंडते. मग वजन तेवढेच भरले तरी प्रत घसरते आणि बाजारात भाव कापला जातो. बहुतेक शेतकरी ‘पीक काळे पडले’ एवढेच अर्जात लिहितात. त्यापेक्षा बाजार समितीची विक्रीपट्टी जोडावी. तिच्यावर प्रत आणि दर दोन्ही असतात. त्याच दिवशी, त्याच बाजारात, धुळीपासून दूर असलेल्या गावच्या शेतकऱ्याला मिळालेल्या दराची पट्टी मिळाली तर दोन्ही शेजारी लावावीत. रुपयांतील नुकसान दाखविणारा याहून सोपा पुरावा नाही.

शेतातही असाच फरक दाखवावा. रस्त्यालगतच्या किंवा धुराड्याच्या बाजूच्या ओळीतील काही झाडे निवडावीत आणि दूरच्या बांधाकडील तितकीच झाडे निवडावीत. दोन्हीकडील बोंडे मोजावीत. पाने स्वच्छ पांढऱ्या फडक्याने पुसून ते फडके कोरड्या पिशवीत ठेवावे आणि चिठ्ठीवर गट क्रमांक, तारीख व वाऱ्याची दिशा लिहावी. मोबाइलवर फोटो काढताना शेताच्या मागे ओळखू येणारी खूण दिसेल असे उभे राहावे. हे सगळे पीक उभे असतानाच करावयाचे असते. पऱ्हाटी उपटल्यानंतर आलेल्या अर्जावर पंचनामा कशाचा करणार? पंचनाम्याला तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि कृषी विभागाचे कर्मचारी दोघेही असावेत. पंचनाम्याची नक्कल तेव्हाच मागून घ्यावी.

कारखाना चालविण्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते. धुराड्याची उंची किती, धूळ किती बाहेर पडू द्यायची, रस्त्यावर पाणी मारायचे की नाही, कोळसा झाकून न्यायचा की नाही, या अटी त्यात लिहिलेल्या असतात. शिवाय प्रत्येक कारखान्याला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र मंडळाकडे द्यावे लागते. हे कागद माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांचा अर्ज करून मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. ‘फार धूळ येते हो साहेब’ या तक्रारीला अधिकारी मान डोलावतो. ‘संमतीपत्रातील अमुक अट अमुक तारखेला पाळली गेली नाही’ या तक्रारीला त्याला लेखी उत्तर द्यावे लागते.

नवीन खाण किंवा कारखान्याचा विस्तार होणार असेल तेव्हा जनसुनावणी होते. २००६ च्या अधिसूचनेनुसार तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. सुनावणीत लोक तावातावाने बोलतात, टाळ्या मिळवतात आणि जेवायला निघून जातात. खरे काम शेवटी असते. मांडलेल्या मुद्द्यांची नोंद सुनावणी संपताना लोकांना वाचून दाखवायची, असा नियम आहे. ती पूर्ण होईपर्यंत थांबावे. आपला मुद्दा नोंदीत नसेल तर तेथेच हात वर करून सांगावे आणि लेखी निवेदन देऊन पोच घ्यावी.

भरपाईसाठी हरित न्यायाधिकरणाकडे जाता येते. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्याला आहे. भरपाईचा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. एकेका शेतकऱ्याला पुण्याची वारी परवडत नाही. म्हणून शेजारच्या दहा-बारा खातेदारांनी एकत्र येऊन आपापले सातबारा आणि पंचनामे जोडणे बरे.

घुग्घुसमध्ये धुळीखेरीज आणखी एक धोका पायाखाली आहे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी आमराई वॉर्डातील एक घर पाहता पाहता ६० ते ७० फूट खोल खड्ड्यात गडप झाले. जमीन हादरताच घरातील माणसे बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. बंद पडलेल्या खाणीचा मालकही जबाबदारीतून सुटत नाही. जुन्या खाणीवर घर किंवा विहीर असलेल्यांनी खाणीचा नकाशा खाण कार्यालयाकडून मागून घ्यावा, आणि भिंतीला नवी भेग पडली तर तिच्या दोन्ही टोकांना तारीख घालून ठेवावी.

बियाणे उगवले नाही तर

‘शेतकरी धंद्यासाठी बियाणे घेतो, म्हणून तो ग्राहक नाही’ असा युक्तिवाद बियाणे कंपन्या बरीच वर्षे करीत असत. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात राष्ट्रीय बीज निगमाने हेच म्हटले. बियाणे कायदा वेगळा असल्यामुळे ग्राहक मंचाला अधिकारच नाही, असेही म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये दोन्ही मुद्दे फेटाळले. शेतकऱ्याने बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत का तपासला नाही, या आक्षेपालाही न्यायालयाने उत्तर दिले. शेतकरी घेतलेले सगळे बियाणे पेरून टाकतो, नमुना मागे ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही आणि त्याच लॉटचे बियाणे कंपनीजवळ असते, असा त्याचा आशय होता.

हे वाचून कोणी निश्चिंत होऊ नये. २००५ मध्ये हरियाणा बियाणे महामंडळाच्या प्रकरणात याच न्यायालयाने शेतकऱ्याच्या विरुद्ध निकाल दिला होता. पाहणी अहवालात पीक कमीजास्त असल्याचे लिहिले होते, पण बियाणे निकृष्ट असल्याचे स्पष्ट लिहिलेले नव्हते. पिकातील फरक जमीन, पाणी आणि मशागतीमुळेही पडू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की पंचनाम्यातील एका वाक्याचे मोल कळते. तालुका तक्रार निवारण समिती शेतावर येते, तेव्हा तिच्यात कृषी विद्यापीठाचा किंवा कृषी विज्ञान केंद्राचा प्रतिनिधी असतो. उगवण कमी होण्याचे कारण काय, हे अहवालात स्पष्ट लिहा, असे त्यांना विनंतीपूर्वक पण ठामपणे सांगावे. त्यासाठी पेरणीची तारीख, पावसाची नोंद, पेरणीची खोली आणि त्याच कंपनीचा तोच लॉट पेरलेल्या इतर शेतकऱ्यांची नावे तयार ठेवावीत. शेजाऱ्याचे दुसऱ्या लॉटचे बियाणे त्याच पावसावर चांगले उगवले असेल तर ते शेतही समितीला आवर्जून दाखवावे.

सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के असावी असे प्रमाण आहे. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरीच तपासता येतात. न्यायालय काहीही म्हणो, पिशवी, खूणचिठ्ठी, पक्के बिल आणि मूठभर बियाणे पीक घरी येईपर्यंत जपून ठेवावे. पिशवी वरून न फाडता खालून उसवावी, म्हणजे लेबल शाबूत राहते. ‘बिलाशिवाय घ्या, स्वस्त देतो’ असे म्हणणारा दुकानदार आपला हक्कच कमी पैशात विकत घेत असतो.

तक्रार प्रथम पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे द्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दावा दाखल करता येतो. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

कपाशीच्या बाबतीत २०१७ चा अनुभव विसरता येत नाही. त्या खरिपात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडे आतून पोखरली आणि २००९ च्या राज्याच्या कापूस बियाणे कायद्याखाली शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने ‘जी’ नमुन्यात अर्ज भरले. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर अधिवेशनात राज्य शासनाने कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० रुपये मदत जाहीर केली. त्यात १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून यावयाचे होते. कंपन्यांनी जबाबदारी नाकारली. बियाणे सदोष नव्हते, अळीनेच प्रतिकारशक्ती मिळविली, असे त्यांचे म्हणणे होते. अळीने प्रतिकारशक्ती मिळविली हे शास्त्रीयदृष्ट्या खरेच होते. पण पिशवीच्या जाहिरातीत हे शेतकऱ्याला कोणी सांगितले होते, असा प्रश्न उरतोच.

फवारणी करणारा मजूर

त्याच २०१७ च्या हंगामात, नदीपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, हवा कोंदट आणि दोन-तीन औषधे एकत्र केलेली, अशी स्थिती होती. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि मोनोक्रोटोफॉस, डायफेंथियुरॉन यांसह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. ‘मजुरांनी मास्क घातला नाही’ असे तेव्हा बरेच बोलले गेले. चाळीस अंशांच्या जवळपास जाणाऱ्या उकाड्यात रबरी कपडे घालून कोण फवारणी करील? जे औषध आपल्या हवामानात सुरक्षितपणे वापरताच येत नाही, ते विकणाऱ्याचीही जबाबदारी असली पाहिजे, असे आमचे मत आहे.

यवतमाळच्या ५१ कुटुंबांनी सप्टेंबर २०२० मध्ये हा प्रश्न थेट स्वित्झर्लंडपर्यंत नेला. सिंजेंटा कंपनीच्या ‘पोलो’ या डायफेंथियुरॉन औषधामुळे विषबाधा झाल्याची तक्रार त्यांनी तेथील शासनाच्या संपर्क केंद्राकडे केली. दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी भरपाईसाठी बाझेलच्या न्यायालयात दावाही लावला. कंपनीने आरोप नाकारले. पण या तक्रारीला बळ कशाने मिळाले, ते आपण पाहावे. पोलिसांच्या नोंदींत औषधाचे नाव लिहिलेले होते, म्हणून ती करता आली.

मजुराने औषध विकत घेतलेले नसते, मग तो ग्राहक कसा, असा प्रश्न मेळाव्यांत विचारला जातो. ग्राहक कायद्यातील व्याख्येत विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही येतो. सदोष वस्तूमुळे इजा झाल्यास उत्पादकावर दावा करण्याचे प्रकरणही २०१९ च्या कायद्यात आहे. गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचे दोन लाख रुपये मात्र खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठीच आहेत. सातबारा नसलेला मजूर त्यातून सुटतो. येथे शेतकऱ्यानेही स्वतःकडे पाहावे. फवारणीपुरता का होईना, तो मालक असतो, आणि १९७१ च्या कीटकनाशक नियमांत काम करवून घेणाऱ्याने संरक्षक साधने पुरवावीत, असे आहे.

कारखान्यातील कंत्राटी कामगारांबद्दल एवढेच सांगतो की, कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर मूळ कंपनीने ती द्यायची, हे तत्त्व १९७० च्या कायद्यात होते आणि २०२० च्या श्रमसंहितेतही आहे. त्यासाठी हजेरी कार्ड, मजुरीची पावती आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक स्वतःजवळ हवा.

फवारणीनंतर कोणाला मळमळ, घाम, अंधुक दिसणे किंवा धाप असा त्रास झाला तर अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि लगेच रुग्णालयात न्यावे. जाताना औषधाची बाटली किंवा डबा बरोबर न्यावा. डॉक्टरांना उपचारासाठी तो लागतोच. केसपेपरवर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि ‘फवारणी करताना विषबाधा’ असे शब्द लिहून घ्यावेत. नुसते ‘विष प्राशन’ असे लिहिले गेले तर पुढे आत्महत्येचा प्रयत्न समजला जातो. अशी नोंद झाली असल्यास रुग्णाला घरी सोडण्यापूर्वीच ती दुरुस्त करून मागावी.