पडदा काळा पडला, तरी डिस्क पुसू नका!

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुना, पण धडधाकट संगणक भंगारात काढण्यापेक्षा त्यावर उबंटू किंवा लिनक्स मिंट बसवू पाहणाऱ्यांना एक जुनाच अडथळा हमखास भेटतो. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि समोर काळाकुट्ट पडदा! घाबरून काही जण डिस्कच पुसून टाकतात. वास्तविक फायली जागच्या जागी सुरक्षित असतात. बिघडलेली असते ती केवळ चित्र दाखविणारी यंत्रणा.

इंटेल व एएमडी यांचे खुले ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्ये, अंतर्भूत असतात. एनव्हिडियाने मात्र आपला ड्रायव्हर वर्षानुवर्षे बंदिस्त ठेवला. त्यावरून लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातील कार्यक्रमात कंपनीला चक्क शिवी हासडली होती. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलशी जोडणारा भाग खुला केला, तोही ट्युरिंग व त्यापुढील पिढ्यांच्या कार्डांपुरताच.

बाहेरून आलेला हा ड्रायव्हर नेमक्या त्याच कर्नलसाठी तयार झालेला असावा लागतो. कर्नल बदलला की 'डीकेएमएस' ही व्यवस्था तो नव्याने घडविते. परंतु त्या कर्नलच्या 'हेडर' फायली नसतील, तर काम अर्धवट राहते. काल चालणारा संगणक आज रुसतो, तो बहुधा यामुळे. अशा वेळी सुरुवातीच्या 'ग्रब' सूचीतून आधीचा कर्नल निवडून पाहावा.

तोही उपाय फसला, तर ग्रबमध्ये 'ई' कळ दाबावी, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग लिहावा आणि 'एफ १०' दाबावे. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. तेवढ्यात फायलींची प्रत काढून ठेवावी आणि सदोष ड्रायव्हर काढून टाकावा.

अनेकांना चकविणारे कारण मात्र 'सिक्युअर बूट' हे आहे. ड्रायव्हर त्याच संगणकावर घडविला गेला असेल, तर त्यावरील सहीची चावी संगणकाला ओळखीची करून द्यावी लागते. त्यासाठी पुन्हा सुरू होताना निळा पडदा येतो. तो जेमतेम दहा सेकंद थांबतो आणि कळ न दाबल्यास निघून जातो! तेथे 'एनरोल एमओके' निवडून, आधी ठरविलेला परवलीचा शब्द द्यायचा असतो. संधी हुकलीच, तर 'मोकुटिल' आज्ञेने नोंदणी पुन्हा मागविता येते. सिक्युअर बूट बंद करणे हा सोपा मार्ग खरा. पण शेजारी विंडोज नांदत असेल आणि बिटलॉकर सुरू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी हवी.

कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट फाइल उतरविण्याचा मोह टाळावा. उबंटूतील 'अतिरिक्त ड्रायव्हर' किंवा मिंटमधील 'ड्रायव्हर मॅनेजर' यांतून घेतलेला ड्रायव्हर कर्नलच्या सुधारणांबरोबर सांभाळला जातो. कार्ड केप्लर पिढीचे असेल, तर ४७० क्रमांकाची मालिकाच लागते. त्यापुढचे ड्रायव्हर ते ओळखतच नाहीत.