सेप्टिक टाकी : अर्धे काम टाकीचे, अर्धे जमिनीचे

घर बांधताना खोल्या, ओटा व स्वयंपाकघर यांचा विचार बारकाईने केला जातो. सेप्टिक टाकी मात्र बहुधा गवंड्याच्या अंदाजावर सोपविली जाते. टाकी मोठी बांधली की ती कधीच उपसावी लागत नाही, असाही समज सर्वत्र आढळतो. हा समज शेजारच्या विहिरीस व प्रसंगी माणसाच्या जिवासही घातक ठरतो.

टाकीचे कार्य

टाकीत सांडपाणी सुमारे एक ते दोन दिवस संथ राहते. जड मैला तळाशी बसतो, स्निग्ध पदार्थ तवंगरूपाने वर येतात आणि हवेवाचून वाढणारे जिवाणू मैल्याचा काही भाग कुजवितात. मधल्या थरातील पाणी बाहेर पडते. ते निवळ दिसले तरी त्यात रोगजंतू असतातच. हे पाणी उघड्या गटारात सोडल्यास टाकीचा हेतूच विफल होतो. ते निर्धोक करण्याचे उरलेले काम जमिनीचे आहे.

भारतीय मानक २४७० प्रमाणे टाकीची रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर व क्षमता किमान १,००० लिटर असावी. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट ठेवावी. प्रत्यक्ष माप घरातील माणसांच्या संख्येवरून ठरवावे.

जमिनीची परीक्षा

शोषखड्डा घेण्यापूर्वी त्या जागी लहान भोक खणून ते रात्रभर पाण्याने भिजू द्यावे. दुसऱ्या दिवशी त्यातील पाणी २५ मिलिमीटर उतरण्यास लागणारा वेळ मोजावा. तो ३० मिनिटांपर्यंत असल्यास शोषखड्डा चालतो. ३० ते ६० मिनिटे असल्यास शोषचर घ्यावेत. वेळ त्याहून अधिक लागल्यास पाणी जमिनीत न मुरविता गाळणीची व्यवस्था करावी लागते.

विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती भिजली की फुगते व पाणी मुरू देत नाही. कोकणातील जांभ्यात याउलट घडते. तेथे पाणी भेगांतून झपाट्याने विहिरीकडे जाऊ शकते. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून शोषखड्डा किमान १८ मीटर दूर असावा, असे मानक सांगते. जांभ्याच्या भूभागात हे अंतर वाढविणेच हिताचे.

उपसणी

साधारणतः दर दोन वर्षांनी टाकी उपसावी. मोठ्या टाकीने ही वेळ लांबते, टळत नाही. साचलेला गाळ वेळीच न काढल्यास तो शोषखड्ड्यात जाऊन जमिनीची छिद्रे बुजवितो. टाकीतील विषारी वायूने क्षणार्धात मृत्यू ओढवतो. म्हणून उपसणी यंत्रानेच करावी. संरक्षक साधनांवाचून टाकीच्या सफाईस माणूस लावण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. यासाठी टाकीची जागा गाडीची नळी पोहोचेल अशी निवडावी व तिचे झाकण फरशीखाली गाडून टाकू नये.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

घराचा नकाशा पाहताना पंचायत सदस्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : टाकीतील पाणी कोठे मुरणार? विहीर किती दूर आहे? मैला उपसणारी गाडी येथवर येईल काय? जेथे अशी गाडी पोहोचत नाही, पण जमीन पाणी शोषते व विहीर दूर आहे, तेथे आलटून पालटून वापरावयाचे दोन शोषखड्ड्यांचे शौचालय अधिक सोयीचे ठरते. टाकी जमिनीखाली दडते. तिच्या आखणीतील चूक मात्र दडून राहत नाही. ती गावाच्या पाण्यात उतरते.