सावकाश फिरणारे चक्र

कल्याणहून कर्जतच्या दिशेने जाणाऱ्या लोकलगाडीत पहिल्या पाळीच्या वेळी ज्याने चाळीस वर्षे प्रवास केला आहे, त्यास समोर उभ्या असलेल्या इसमाचा व्यवसाय जाणण्यासाठी त्याचे नावगाव विचारण्याची गरज पडत नाही. डोक्यावरच्या कडीला धरलेला त्याचा हात पुरेसा असतो. पॉवरप्रेसवर गेलेले बोट सुरीने कापावे तसे सरळ गेलेले असते. मिलिंग मशीनवर गेलेले बोट आधी ओढले जाते आणि मग तुटते, आणि म्हणून उरलेल्या पेरावरची कातडी ताणून शिवल्यासारखी दिसते. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या चार स्थानकांवर चढणारे-उतरणारे असे हात मी इतके पाहिले आहेत, की या पट्ट्यातील कारखानदारीचा इतिहास लिहू जाणाऱ्याने नगरपालिकेच्या दप्तराइतकाच त्या हातांचाही आधार घ्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

अंबरनाथला कारखाने नवे नव्हते. धरमसी मोरारजींचा रासायनिक कारखाना आणि विम्कोची काडेपेटी ही पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकातली. परंतु आम्ल आणि गूल यांच्या उद्योगाने लोखंड कापणारा कारागीर मोठ्या संख्येने निपजत नाही. तो निपजला स्वातंत्र्यानंतर, जेव्हा १९५३च्या सुमारास संरक्षण खात्याने येथे शस्त्रनिर्मितीच्या कारखान्याबरोबरच ‘मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी’ उभारली. यंत्रे घडविणारी यंत्रे आपल्याच देशात घडावीत, या हेतूने स्थापन झालेल्या त्या संस्थेस येथील लोक आजही आद्याक्षरांनीच ओळखतात. त्याच वर्षी बंगळूरला एच.एम.टी. स्थापन झाली. इकडे शेजारी, दुसऱ्या महायुद्धातील लष्कराच्या रिकाम्या बराकींत, सिंधमधून निर्वासित होऊन आलेले लाखभर लोक संसार मांडून बसले होते. त्या कल्याण कॅम्पास ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. एकीकडे सरकारी शिस्तीचे फाटक, दुसरीकडे मिळेल त्या खोलीत मिळेल ते बनवून विकण्याची जिद्द. या दोन वृत्तींच्या मध्ये पुढे सत्तर वर्षे मिलिंगचे यंत्र फिरत राहिले.

ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. लेथवर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, फिरतो आणि हत्यार स्थिर असते; मिलिंगमध्ये नेमके उलट, दातेरी कटर फिरते आणि टेबलावर व्हाइसमध्ये आवळलेला जॉब त्याच्याखालून हळूहळू सरकतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६२ साली, जोसेफ ब्राऊन यांनी या यंत्राला ‘युनिव्हर्सल’ रूप दिले, तेही बंदुकीच्या भागांना भोके पाडणाऱ्या ड्रिलच्या पिळदार खाचा कापण्याची अडचण सोडविण्यासाठी. तेव्हा शस्त्रांच्या कारखान्याशेजारी त्याने ठाण मांडावे यात नवल नव्हते. पण मला सांगायचे आहे ते त्याच्या वेगाविषयी. हायस्पीड स्टीलच्या कटरने साधे पोलाद मिनिटाला सुमारे तीस मीटर वेगाने कापावे, असा दंडक आम्हास शिकविला जाई. त्या हिशेबाने १०० मिलिमीटर व्यासाच्या कटरचे मिनिटाला जेमतेम पंचाण्णव फेरे होतात, आणि त्याची कड सेकंदाला अर्धा मीटर सरकते, म्हणजे रस्त्याने रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही सावकाश. तेच पोलाद पंचवीस मिलिमीटरच्या सळईच्या रूपाने लेथवर चढविले तर ते पावणेचारशेहून अधिक फेरे घेत गरगरते, आणि नवखा उमेदवार आपण होऊन दोन पावले मागे सरतो. मिलिंगच्या कटरपासून कोणी मागे सरत नाही. त्याचे दात मोजता येतील असे वाटते. वास्तविक वीस दातांचे ते कटर एका सेकंदात तीसहून अधिक दात एकाच जागेवरून नेत असते. डोळा चाकाचा वेग पाहतो, बोटाशी गाठ पडते ती दातांच्या संख्येशी. आणि या दोहोंतील तफावत हेच या यंत्रावरच्या बहुतेक अपघातांचे मूळ आहे, असे माझे मत पूर्वीही होते आणि आजही आहे.

१९७१ साली अंबरनाथच्याच एका टूलरूममध्ये मी उमेदवार म्हणून रुजू झालो, तेव्हा ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मला देण्यात आले, त्यांनी पहिले आठ दिवस मला यंत्रास हात लावू दिला नाही. यंत्राशेजारच्या भिंतीत एक मोठा खिळा ठोकलेला होता. पाळी सुरू होताना अंगठी, घड्याळ, हातातले कडे, मनगटावरचा देवाचा गंडा हे सर्व त्या खिळ्यावर जायचे. आणि नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तर त्यावर राख्यांचा असा घोस लोंबू लागे की एखाद्या देवळातल्या नवसाच्या झाडाची आठवण व्हावी. बहिणीने बांधलेली राखी आपण होऊन गळून पडेपर्यंत सोडू नये अशी आमच्या घरी समजूत होती. मिस्त्रींनी ती समजूत पाच मिनिटांत निकालात काढली. हातमोजे घालण्यास त्यांची सक्त मनाई होती. बाहेरच्या माणसास हे चमत्कारिक वाटते, कारण हाताच्या रक्षणासाठी मोजा ही सर्वसामान्य समजूत. परंतु फिरत्या कटरपाशी उघड्या बोटाला ओझरता दात लागला तर कातडी फाटते, आणि मोज्याचा एक धागा दातात सापडला तर मोज्याबरोबर पंजा जातो. मोजे किंवा जाड फडके वापरायचे ते यंत्र बंद असताना, कटर आर्बरवर, म्हणजे त्याला धरणाऱ्या दांड्यावर, चढविताना आणि उतरविताना. कारण थांबलेल्या कटरचे दातही धारेलाच असतात. पुसण्याच्या कॉटन वेस्टचा बोळा खिशात ठेवणाऱ्यास ते शिवी देत. धातूचा कीस काढायचा तो लांब दांड्याच्या ब्रशाने, तोही कटर थांबल्यावर. आणि बटण दाबल्यानंतर कटर आणखी दोन-तीन फेरे घेते तेवढा वेळ दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. आम्ही हसत असू. मिस्त्री हसत नसत.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र मला पुस्तकांत फार उशिरा सापडली. नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे कटरच्या फिरण्याविरुद्ध दिशेने जॉब सरकवून कापताना, कापून झालेल्या बाजूने दात वरून खाली येत असतात आणि नुकत्याच तयार झालेल्या पृष्ठभागाशी येऊन मिळतात. अर्थात चिमटा तयार होतो तो पुऱ्या झालेल्या बाजूला. आणि कारागिराचे बोट नेमके तिकडेच जाते, कारण आपण कापलेला पृष्ठभाग कसा उतरला हे पुसून पाहण्याचा मोह कोणत्याही चांगल्या कारागिरास आवरत नाही. आळशी माणसाचे बोट या यंत्रावर क्वचित जाते. कामावर ज्याचे प्रेम आहे त्याचे जाते. उलट पद्धतीत, जॉब कटरच्याच दिशेने सरकवला तर, चिमटा दुसऱ्या बाजूस येतो, पण टेबलाच्या स्क्रूत ढिलाई असेल तर कटर जॉब स्वतःकडे खेचते, आर्बर वाकतो, आणि फुटलेल्या दाताचा तुकडा कोठे जाईल याचा नेम राहत नाही. म्हणून जुन्या यंत्रांवर ती पद्धत वर्ज्य मानली जाई.

कायद्याने या बाबतीत हात आखडता घेतला असे म्हणता येणार नाही. १९४८च्या फॅक्टरी अॅक्टाचे एकविसावे कलम यंत्राच्या प्रत्येक धोकादायक भागास भक्कम आवरण असावे आणि यंत्र चालू असताना ते जागेवरच असावे, असा स्पष्ट हुकूम देत असे. पुढचे कलम चालू यंत्राची तपासणी करणारा इसम खास शिक्षण घेतलेला, घट्ट कपडे घातलेला आणि नोंदवहीत नाव चढविलेला असावा असे फर्मावत असे, व ते कपडे मालकाने पुरवावेत अशी तजवीजही करून ठेवी. विलायतेत तर १९२८ सालीच केवळ आडव्या मिलिंग मशीनसाठी स्वतंत्र नियमावली काढण्यात आली होती. एका यंत्रासाठी एक नियमावली, यावरून तेथील निरीक्षकांनी किती बोटे मोजली असतील याची कल्पना यावी. आणि मोजण्याचे काम आपल्याकडेही चोख आहे. १९२३च्या नुकसानभरपाईच्या कायद्यास जोडलेल्या परिशिष्टात संपूर्ण अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका अथवा करंगळी ७, अशी मिळकतीच्या क्षमतेतील घट लिहून ठेवली होती. तर्जनीचे एकच पेर गेले तर ९, हाड शाबूत राहून नुसते टोक गेले तर ५. हे कोष्टक मी प्रथम वाचले तेव्हा मला ते क्रूर वाटले होते. आता वाटत नाही. ज्यास कोष्टकातले बोटही नाकारले जाते असा माणूस त्यानंतर पुष्कळ पाहिला.

आवरण असे, यंत्राबरोबर येई. अडचण अशी की ते एका मापाच्या कटरसाठी केलेले, आणि दिवसातून चार वेळा कटर बदलावयाचे. प्रत्येक वेळी ते सोडवून पुन्हा बसविण्यात जाणारी दहा मिनिटे ज्याची मजुरी नगावर आहे त्याच्याच खिशातून जात. ज्या एका कारखान्यात मी पुढे काही वर्षे होतो, तेथे निरीक्षकांच्या भेटीची वर्दी आदल्या दिवशी लागत असे आणि सर्व आवरणे पुसून जागेवर चढत. भेट संपली की उतरत. तेथेच एका संध्याकाळी, पाळी संपण्यास पाव तास असताना, माझ्या शेजारच्या यंत्रावरील सहकाऱ्याने शेवटचा जॉब पुरा होत आला म्हणून वेस्टचा बोळा पुढे केला. ओरडल्याचे मला ऐकू आले नाही. ऐकू आला तो मोटारचा आवाज, क्षणभर जड झालेला. नोंदवहीत कारण लिहिले गेले ते ‘कामगाराचा निष्काळजीपणा’, आणि साक्षीदार म्हणून त्याखाली माझी सही आहे. ती सही मी का केली, याची कैफियत मला अद्याप नीट देता येत नाही.

१९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि अंबरनाथ व बदलापूर या दोन्ही गावांच्या सीमेवर भूखंड पडू लागले. बारवी धरणाचे पाणी आले, रसायनांबरोबर लहान इंजिनिअरिंग शेड आल्या. मोठ्या फाटकाआतील काम तुकड्यातुकड्याने बाहेर जाऊ लागले आणि उल्हासनगरच्या कॅम्पांतील गाळ्यांत जुनी यंत्रे लिलावातून, भंगारातून, हातोहात येऊन पोचली. फॅक्टरी अॅक्ट सर्वसाधारणपणे विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून लागू होई. गाळ्यात माणसे चार, कधी सहा. २०२०च्या नव्या श्रमसंहितेने तर ही मर्यादा वीसवर नेली आहे. यंत्र हलले, त्याचा बेड हलला, व्हाइस हलला. मिस्त्री हलले नाहीत, आणि भिंतीतला खिळा तर भिंतीतच राहिला. उल्हासनगरच्या उद्यमशीलतेची चेष्टा करणारे पुष्कळ आहेत, मी त्यांतला नाही; निर्वासिताने उभा केलेला तो पसारा थोर आहे. पण हातावर पोट असलेल्या ठिकाणी आठ दिवस यंत्रास हात न लावता नुसते उभे राहण्याचे शिक्षण कोणास परवडणार?

मधल्या काळात यंत्रही पालटले. संगणकाच्या आज्ञेने चालणारी नवी यंत्रे काचेच्या बंद खोलीत कापतात, दार उघडले की स्पिंडल थांबते. बोटाचा आणि कटरचा संबंध त्यांनी जवळजवळ तोडला, हे निर्विवाद. मात्र दाराच्या स्विचला चकवून दार उघडे ठेवूनच काम करण्याची युक्तीही त्यांच्या मागोमाग आलीच. प्रोटोटाइप फॅक्टरीचे सरकारी रूप १ ऑक्टोबर २०२१ रोजी बदलले आणि ती रणगाडे व चिलखती वाहने बनविणाऱ्या नव्या कंपनीत सामील झाली. फाटक तेच आहे.

गेल्या श्रावणात बदलापूरला माझ्या एका जुन्या उमेदवाराच्या गाळ्यात जाणे झाले. नवे यंत्र पुढे, आणि मागच्या कोपऱ्यात एक आडवे जुने मिलिंग मशीन, रंग उडालेले, पण टेबल स्वच्छ. “मास्तर, ते विकवत नाही हो,” तो म्हणाला, “चावीच्या खाचा अजून त्यावरच बऱ्या होतात.” भिंतीत खिळा होता. त्यावर दोन राख्या, एक स्टीलचे कडे, आणि आमच्या मिस्त्रींच्या काळी नसलेली वस्तू, कानात घालण्याच्या वायरींचे भेंडोळे. कटरचे आवरण कोठे आहे असे मी विचारले, तेव्हा तो ओशाळला. ते यंत्राच्या पायाशी उताणे पडले होते आणि त्यात नटबोल्ट भरून ठेवले होते. यंत्रावर विशीतला एक परप्रांतीय मुलगा होता. आमचे बोलणे त्याच्याविषयी आहे हे ओळखून, आणि आवाजात ऐकू येईना म्हणून, त्याने बटण दाबले. कटरने आणखी दोन-तीन फेरे घेतले. तेवढा वेळ तो दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होता.