बेचाळीसचा चोरटा रेडिओ

मैत्रिणींनो, रात्रीची झाकपाक झाल्यावर आपले म्हणून जे दोन तास उरतात, ते परवा मी ‘ऐ वतन मेरे वतन’ला दिले. हा हिंदी चित्रपट २१ मार्च २०२४ ला थेट प्राइम व्हिडिओवर आला. त्यामुळे आम्हा धावड्याच्या बायकांना भोकरदन-जालन्याची एसटी धरायला नको. लेकीचा मोबाइल डब्याला टेकवला आणि सासूबाई, लेक, मी अशा तिघींनी तो पाहिला.

गोष्ट खरी आहे, उषा मेहतांची. दुसरं महायुद्ध चालू, ‘चले जाव’ची घोषणा झालेली, पुढारी तुरुंगात आणि वर्तमानपत्रांवर बंधनं. अशा वेळी २२ वर्षांची ही मुलगी आणि तिचे सोबती मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवतात. पोलीस यंत्रं लावून जागा हुडकतात, तर ही मंडळी बिऱ्हाड बदलावं तशी जागा बदलतात! आपल्या आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकीकत या रेडिओनं देशाला ऐकवली, हे मला तर ठाऊकच नव्हतं. ऑगस्टच्या अखेरीस सुरू झालेला हा खटाटोप १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडून संपला. पण त्या अडीच महिन्यांतली धाकधूक कन्नन अय्यर यांच्या दिग्दर्शनात चांगली उतरली आहे. जिन्यावर पावलं वाजली की सासूबाई ‘अगं बाई, आता गं!’ म्हणायच्या.

आता नायिकेबद्दल. सारा अली खाननं उषाची भूमिका केली आहे. खरं सांगू? भाषणं करताना ती मला पटली नाही. जिचं हत्यारच आवाज, तिच्या आवाजात जो जडपणा हवा, तो येत नाही. डोळे मोठे होतात, शब्द मात्र पाठ केल्यासारखे. पण घरातले प्रसंग बघा. वडील ब्रिटिशांच्या नोकरीतले न्यायाधीश, लेकीवर जीव टाकणारे आणि चळवळीला विरोध करणारे. ही भूमिका आपल्या सचिन खेडेकरांनी केली आहे. त्यांच्यासमोर खोटं बोलताना साराची मान जराशी खाली जाते, तिथं ती उषा होते. मला वाटतं, समोर खेडेकर असल्यावर कुणीही चार पायऱ्या वर चढेल! राम मनोहर लोहियांच्या भूमिकेत इम्रान हाश्मी आहे. थोडाच वेळ दिसतो, पण शोभतो.

खऱ्या उषाबाई तर याहून कणखर. चौकशीत आणि खटल्यात त्यांनी तोंडच उघडलं नाही. ४ वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला राहिल्या. पुढं मुंबईत प्राध्यापक झाल्या, जन्मभर अविवाहित राहिल्या. १९९८ साली पद्मविभूषण मिळालं आणि २००० साली त्या गेल्या. यातलं थोडं तरी पडद्यावर सावकाश दाखवायला हवं होतं, असं मला वाटून गेलं.

चित्रपट संपला तरी सासूबाई उठेनात. आपला मुलूख तेव्हा निजामाचा, आणि १९४८ चा सप्टेंबर उजाडेपर्यंत निजामाचाच. त्यांच्या आईनं रझाकारांच्या भीतीनं दागिने पेवात धान्याखाली पुरले होते, ते सांगत बसल्या. बदनापूरकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळक्यांचं नावही त्यांनीच काढलं. रझाकारांशी लढलेली बाई, आणि तीही आपल्या जिल्ह्यातली! तिच्यावर असा चित्रपट कुणी काढला, तर मी मोबाइलवर नाही, जालन्याला तिकीट काढून बघेन.

‘बापाशी खोटं बोलली, ते काही बरं नाही केलं,’ सासूबाई शेवटी म्हणाल्या. तोवर लेक माझ्याकडे वळली. ‘आई, तू असतीस तर गेली असतीस का गं?’

मी दुधाला विरजण लावायला उठले. सासूबाई पाठीमागून म्हणाल्या, ‘जाऊ दिलं असतं का कुणी, ते विचार तिला.’